मोटारसायकलमागच्या ट्रेलरची टकटक

विंडरमिअरकडून चढून कर्कस्टोन पासच्या माथ्यावर पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातला हा सगळ्यात उंच गाडीरस्ता, ४५४ मीटर. चढताना काही जाणवलं नाही, कारण चढावर गाडी ट्रेलरला सतत ओढत असते आणि सगळे सांधे एकाच बाजूला ताणलेले राहतात. त्रास सुरू झाला तो उतरताना. ब्रदर्सवॉटरच्या अंगाला वळणावळणाचा उतार आहे. थ्रॉटल सोडला की मागून 'टक्', वळण संपल्यावर परत दिला की 'टक्'. नुसता कानाला नव्हे, सीटमधून कंबरेला कळेल असा. मागे बसलेल्या बायकोला तर तो माझ्याआधी कळायचा. इंटरकॉमवर ती बराच वेळ गप्प होती. पॅटरडेल जवळ आल्यावर म्हणाली, "अरे, हे निखळणार तर नाही ना? खरं सांग."

मला उत्तर देता आलं नाही. निखळणार नाही असं मला वाटत होतं, पण माहीत नव्हतं. त्या रात्री तंबूत पडल्यावरही तो ठोका डोक्यात चालूच होता. घरी गेल्यावर याचा छडा लावल्याशिवाय ट्रेलर जोडायचा नाही, असं तेव्हाच ठरवलं. पुढचे सहा-सात शनिवार त्यात गेले.

आम्ही डर्बीला राहतो. गाडी होंडाची एसटी १३०० पॅन युरोपियन. १२६१ सीसीचं व्ही-फोर इंजिन, शाफ्ट ड्राइव्ह, वजन सव्वातीनशे किलोच्या आसपास. दोघांचं कॅम्पिंगचं सामान बाजूच्या पेट्यांमध्ये मावत नाही म्हणून दोन चाकांचा छोटा ट्रेलर सेकंडहँड घेतला. ब्रिटनमध्ये मोटारसायकलमागे ट्रेलर लावायचा तर इंजिन १२५ सीसीच्या वर लागतं. ट्रेलरची रुंदी १ मीटरपेक्षा जास्त चालत नाही, गाडीच्या मागच्या आसापासून ट्रेलरच्या शेवटापर्यंतचं अंतर २.५ मीटरच्या आत हवं, आणि भरलेल्या ट्रेलरचं वजन १५० किलो किंवा गाडीच्या वजनाच्या दोन-तृतीयांश, यात जे कमी असेल ते. वेगमर्यादाही खाली येते: साध्या दुपदरी रस्त्यावर ताशी ५० मैल, मोटरवेवर ६०. माझा ट्रेलर या सगळ्यात बसत होता. कागदोपत्री काही चुकलेलं नव्हतं, आवाज तेवढा होता.

पहिला उपाय मी केला तो चुकीचा होता, आणि तो आधी सांगतो, कारण बरेच जण हाच करतात. गाडीच्या मागे हिचचा, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडणीचा, ५० मिलिमीटरचा पोलादी गोळा असतो आणि ट्रेलरच्या दांड्याला त्यावर बसणारी वाटी, म्हणजे कपलर. गोळा आणि वाटीत फट असणार, फट भरली की आवाज बंद, असा माझा सरळ हिशोब. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, गोळ्यावर टोपीसारखा चढवला आणि कपलरची मूठ जोर लावून खाली दाबली. रविवारी सकाळी रिकामा ट्रेलर घेऊन ए६ रस्त्याने मॅटलॉक बाथकडे निघालो. आवाज नव्हता. मी खुशीत होतो.

मॅटलॉक बाथला रविवारी नदीकाठच्या रस्त्यावर मोटारसायकलींची रांग लागलेली असते. तिथे गाडी लावली आणि सवयीने मागे वाकून पाहिलं. कपलरची मूठ जवळजवळ बोटभर वर आली होती. रबराच्या चिंध्या झाल्या होत्या, आणि त्यातली एक चिंधी आतल्या जिभेखाली अडकली होती. ही जीभ गोळ्याच्या खालून आवळून बसते. तिच्यावरच सगळी पकड असते. ती पूर्ण बसलेलीच नव्हती. म्हणजे ए६ वरच्या एखाद्या मोठ्या खड्ड्यात ट्रेलर गोळ्यावरून सुटला असता आणि सेफ्टी चेनवर लोंबकळत आला असता. हात थंड पडले माझे. तिथेच उकिडवा बसून स्क्रूड्रायव्हरने रबराचा कणन् कण काढला, कपलर रिकामा बसवला, मूठ खटकन् बसल्याची खात्री केली आणि ताशी ४० मैलांनी टकटक ऐकत घरी आलो. गोळ्याच्या वाटीत रबर, प्लास्टिक, कापड काहीही कोंबू नका. आवाज जातो, पण त्याबरोबर पकडही जाते.

त्या संध्याकाळी गावी काकांना फोन केला. आमचं गाव वाळवा तालुक्यात, सगळं शिवार उसाचं. काकांनी तीस वर्षं ट्रॅक्टरला ट्रॉल्या जोडून कारखान्यावर ऊस घातलाय. लहानपणी रात्री अंथरुणात पडल्यावर लांबून ट्रॉल्यांच्या पिनांचा आवाज यायचा आणि काका त्यावरून कुणाचा ट्रॅक्टर ते सांगायचे. मी त्यांना रेकॉर्डिंग पाठवलं होतं. फोन फोममध्ये गुंडाळून ट्रेलरच्या पुढच्या कप्प्यात ठेवून कर्कस्टोनहून परतताना केलेलं. त्यांनी ते दोनदा ऐकलं.

"आरं, ह्यो एक आवाज न्हाई," ते म्हणाले. "दोन हायती. एक बारीक टणका हाय, आन् एक जड ठोका हाय. बारीक हाय त्यो पिनंचा. जड हाय त्यो वजनाचा. मागं जादा भरलीयस काय?"

"नाही काका, बरोबर भरलाय. वजन मर्यादेच्या आत आहे."

"मर्यादा न्हाई इचारली मी. मागं जादा भरलीयस काय, ते इचारलं. दांडी उचलतीय बघ तुजी."

मला हे तेव्हा पटलं नव्हतं. पण एक आवाज नसून दोन आहेत, हे मात्र परत ऐकल्यावर मलाही कळलं, आणि तिथून पुढे काम मार्गाला लागलं. तोवर मी सगळ्या आवाजाला एकच कारण शोधत होतो.

पुढच्या शनिवारी गाडी सेंटर स्टँडवर घेतली, ट्रेलर जोडला आणि बायकोला ट्रेलर धरून हळूहळू पुढे-मागे ढकलायला सांगितलं. ती ढकलत असताना मी एकेका सांध्यावर बोट ठेवत गेलो. बोट असं ठेवायचं की अर्धं एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर यावं. डोळ्याला अर्धा मिलिमीटर दिसत नाही, पण बोटाच्या पेराला तो स्वच्छ कळतो. दोन भाग एकत्र सरकले तर बोटाखाली काही होत नाही, एक आधी आणि दुसरा नंतर सरकला तर कातडी चिमटल्यासारखी होते. कान अशा वेळी फसवतात, कारण पोकळ लोखंडी पाइपातून आवाज कुठूनही कुठेही फिरतो. मला तीन ठिकाणी चिमटा बसला: गाडीच्या चौकोनी नळीत जिथे हिचची पट्टी पिनेने अडकवलेली असते तिथे, गोळा आणि वाटीत, आणि वाटीच्या मागच्या फिरत्या सांध्यात.

पहिल्यांदा पिन काढली. १२ मिलिमीटरची पोलादी पिन, आणि तिच्या एका अंगाला आरशासारखी चकाकणारी पट्टी. त्या पट्टीवरून नख आडवं फिरवलं तर कडेला अडकायचं, इतकी पायरी पडलेली. नळीचं भोक अजून गोल होतं, हे नशीब. ते लांबट झालं असतं तर ब्रॅकेटच बदलावं लागलं असतं. नवी पिन आणली. पण नव्या पिनेलाही काढण्या-घालण्यापुरती सैल जागा लागतेच, आणि पट्टी नळीत सगळ्या बाजूंनी मिलिमीटरभर हलत होती. त्यावर बाहेरून यू-बोल्टचा क्लँप लावला, जो पट्टीला नळीच्या एका भिंतीशी घट्ट दाबून धरतो. भोक पाडावं लागलं नाही, वेल्डिंग नाही. वजन पेलणाऱ्या पोलादात घरच्या घरी भोकं पाडणं मला तरी मान्य नाही. क्लँप आवळला आणि बारीक टणका तिथल्या तिथे गेला. काकांनी साडेचार हजार मैलांवरून सांगितलं होतं ते खरं निघालं.

मग गोळा. व्हर्निअरने मोजला, आडवा ४९.८, पुढे-मागे ४९.६ मिलिमीटर. नवा गोळा ५० चा असतो आणि कुठल्याही दिशेने ४९ पर्यंत झिजला की बदलायचा असतो, म्हणजे गोळा ठीक होता. मोजताना दोन्ही दिशांनी मोजावा, कारण ओढण्या-ढकलण्यामुळे तो पुढे-मागेच जास्त झिजतो. दोष वाटीत होता. कपलरच्या मुठीजवळ झीज दाखवणारी खूण असते, अधिक आणि उणे अशी. माझा काटा चिखल आणि जुन्या ग्रीसखाली गाडला गेला होता. पुसून पाहिलं तर उण्याच्या पार टोकाला. म्हणजे कपलर मला सांगत होता आणि मी वाचत नव्हतो. असला दाबलेल्या पत्र्याचा कपलर आतून आवळता येत नाही, बदलावाच लागतो. दोन बोल्ट आणि नायलॉन अस्तराचे दोन नवे नट, अर्ध्या तासाचं काम. बसवण्याआधी गोळा रॉकेलने पुसला, आणि नव्या वाटीत लिथियम ग्रीसचा पातळ हात दिला. कॅरॅव्हॅनवाल्यांच्या स्टॅबिलायझरला, म्हणजे ट्रेलर डुलू नये म्हणून गोळ्याला घर्षणाने आवळणाऱ्या कपलरला, मात्र गोळा कोरडा ठेवावा लागतो. तसा कपलर असेल तर ग्रीस अजिबात नको.

तिसरा सांधा हा मोटारसायकलच्या ट्रेलरचा खास. वळणावर गाडी कलते, ट्रेलर मात्र दोन चाकांवर सरळ उभा राहतो. म्हणून वाटी आणि दांड्याच्या मध्ये एक फिरता सांधा असतो, ज्यात वाटी गाडीबरोबर आडवी फिरते. हाच सांधा सैल झाला तर पुढे-मागे खेळतो, सुकला तर वळणावर कुरकुरतो. माझा दोन्ही करत होता. मागच्या खाचांच्या नटातून स्प्लिट पिन काढली, नट एक खाच पुढे आवळला, नवी स्प्लिट पिन घातली, आणि निपलमधून ग्रीस गन लावून जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत भरलं. आधी मी दोन खाचा आवळल्या होत्या. तेव्हा खेळ पूर्ण गेला, पण वाटी हाताने फिरवायला जोर लागायला लागला. तसं ठेवलं असतं तर वळणावर गाडी कलताना ट्रेलरने तिला धरून ठेवलं असतं. म्हणून एक खाच मागे आलो. इथे थोडासा खेळ राहिला तरी चालेल, अडकणूक नको. एका हाताने, बेताच्या जोरात, वाटी दोन्हीकडे फिरली पाहिजे.

एवढं करून सामान भरून निघालो तर टणका नव्हता, वळणावरची कुरकुर नव्हती, आणि जड ठोका तसाच होता. आता तो एकटाच असल्यामुळे उलट जास्त स्पष्ट. बक्स्टनच्या पलीकडे माळरानावर मेंढ्यांनी ओलांडू नये म्हणून रस्त्यात लोखंडी पाइपांच्या जाळ्या टाकलेल्या असतात. त्यांच्यावरून जाताना मागे कुणी घण मारतंय असं वाटलं.

घरी आल्यावर बाथरूममधला वजनकाटा बाहेर आणला. ट्रेलर गाडीपासून सोडवला, सामान होतं तसंच ठेवलं, चाकांना अडण लावली. गोळा जमिनीपासून जितका उंच असतो, तेवढी उंची काटा धरून भरेल असा लाकडी ठोकळा कापला, काट्यावर उभा केला आणि त्यावर वाटी टेकवली. गोळ्यावर पडणारा भार असा मोजतात. इथे त्याला नोज वेट म्हणतात. भरलेल्या ट्रेलरचं वजन ९२ किलो. काट्यावर आकडा आला ४.

ट्रेलरच्या जुन्या मालकाने दिलेल्या कागदावर १० ते १२ किलो लिहिलं होतं, आणि माझ्या हिचच्या पट्टीवर कमाल १५. मी ४ किलोवर फिरत होतो. झाकण मागून उघडतं, म्हणून रोज लागणारं सगळं मी मागे ठेवायचो: पाण्याचा कॅन, गॅसची शेगडी, हत्यारांची पिशवी, आणि बायकोचा भाकरीचा लोखंडी तवा. मागे भार जास्त झाला की चाकांच्या अलीकडे ट्रेलरचं नाक, म्हणजे दांड्याचं पुढचं टोक, हलकं होतं. चाक उंचवट्यावर चढलं की नाक वर झेपावतं, वाटीतल्या फटीपुरतं उचलतं आणि गोळ्यावर परत आदळतं. दर खड्ड्याला दोनदा. वाटी कितीही नवी असली तरी हे होणारच. आणि आवाज हा त्यातला लहान भाग. नाक हलकं असलेला ट्रेलर वेगात शेपटीसारखा डुलायला लागतो, आणि दुचाकीवर ते सावरणं फार कठीण. 'दांडी उचलतीय बघ तुजी' म्हणजे काय, ते काट्यासमोर गुडघ्यावर बसल्यावर कळलं.

सगळं सामान काढून नव्याने लावलं. शेगडी, हत्यारं आणि तवा आसाच्या किंचित पुढे, तळाला. पाण्याचा कॅन रिकामाच न्यायचा, मुक्कामी भरायचा. झोपायच्या बॅगा आणि कपडे मागे. परत मोजलं: ११ किलो. वजन तेच, फक्त जागा बदलल्या.

त्याच दिवशी टायरही पाहिले. आठ इंची छोटी चाकं, आणि हवा मी टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्याएवढी भरायचो. तो आकडा कमाल असतो, टायरच्या पूर्ण भारासाठी. ट्रेलरच्या कागदावर माझ्या वजनासाठी त्याच्या निम्माच दाब होता. तेवढा केला. आधी हाताने दाबल्यावर दगडासारखे लागणारे टायर आता खडी गिळायला लागले.

किरकोळ गोष्टी एका संध्याकाळीत झाल्या. सेफ्टी चेन दांड्यावर आपटायची, तिच्या मधल्या भागावर ट्यूबची बाही चढवली. दोन्ही टोकांच्या कड्या उघड्या ठेवल्या, म्हणजे तपासता येतात. चेनची लांबी मात्र कमी-जास्त केली नाही: नाक जमिनीला टेकणार नाही इतकी आखूड आणि वळणावर ताणली जाणार नाही इतकी सैल. सात पिनांच्या प्लगची वायर लोंबून वाजत होती, ती बांधली. नंबरप्लेटखाली फोमची पट्टी.

मग एक काम जे खरं तर सगळ्यात आधी करायला हवं होतं. ट्रेलर न लावता त्याच रस्त्यावरून, त्याच गिअरमध्ये थ्रॉटल सोडून-देऊन पाहिलं. शाफ्ट ड्राइव्हच्या गाडीला तिचा स्वतःचा एक हलका झटका असतो, दातऱ्यांमधल्या मोकळ्या जागेचा. आजवर तो मी ट्रेलरच्या खात्यात मोजत होतो. तो कसा लागतो हे अंगात मुरलं की ट्रेलरचं काय आणि गाडीचं काय हे वेगळं करता येतं. दोन गिअर खाली उतरून उताराला लागायचं आणि थ्रॉटल दोन बोटांनी हळू फिरवायचा, हेही तेव्हाच अंगवळणी पडलं.

सप्टेंबरात परत लेक डिस्ट्रिक्टला गेलो, त्याच रस्त्याने, मुद्दाम. एम६ वर ६० मैलांनी, ट्रेलर असल्यामुळे उजवी लेन वर्ज्य. ३६ नंबरच्या जंक्शनला उतरून विंडरमिअर, आणि मग कर्कस्टोन. माथ्यावर थांबून कपलरची मूठ, पिन, चेन हाताने चाचपली. उतारावर पहिल्या वळणाआधी थ्रॉटल सोडला. मागून ट्रेलर टेकला ते कळलं, एखाद्याने खांद्यावर हात ठेवावा इतपत. ठोका नाही. दुसरं वळण, तिसरं. ब्रदर्सवॉटरचं पाणी दिसायला लागलं तेव्हा बायको म्हणाली, "थांब जरा, ऐकतेय मी." आणि मग तिने मला सांगितलं की पाठीमागून एक घूं घूं येतेय, अगदी बारीक, आणि वेग कमी केला की ती खाली उतरते.

मला हेल्मेटमधून काही ऐकू आलं नाही. मुक्कामाच्या आधीच्या सरळ पट्ट्यावर पुन्हा फोन ट्रेलरच्या कप्प्यात ठेवून रेकॉर्डिंग केलं. काकांचा निरोप रात्री आला, चार शब्दांचा: "चाकाची बेअरिंग बघ, डावी." डावी कशावरून, हे मी विचारलं नाही.

सकाळी कॅम्पवर ट्रेलरचं एकेक चाक उचललं. एक हात आसाच्या आर्मवर ठेवला आणि दुसऱ्याने चाक फिरवलं. उजवं लोण्यासारखं फिरलं. डाव्याला आर्मवरच्या हाताला वाळू दळल्यासारखी कुरबुर लागली. चाक हलवून पाहिलं, सैल नव्हतं, हाताला गरम लागत नव्हतं, तरी परतीचा सगळा रस्ता ५० च्या आत काढला आणि दर तासाला थांबून हब, म्हणजे बेअरिंग असलेला चाकाचा मधला भाग, चाचपला. घरी हब उघडला तर ग्रीस दुधाळ झालं होतं, म्हणजे आत पाणी गेलेलं. आतल्या बेअरिंगच्या कडीवर तांदळाच्या दाण्याएवढा खवला निघाला होता. ही घूं घूं कदाचित उन्हाळाभर होती. त्या टकटकीखाली ती कुणाला ऐकू येणार?

दोन्ही चाकांची बेअरिंग आणि सील बदलली, हब नव्या ग्रीसने भरले. खवला निघालेल्या कडीचा फोटो खिडकीच्या उजेडात काढून काकांना पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं. त्यांना उजव्या बाजूच्या जुन्या बेअरिंगचाही फोटो हवा होता.